बंब निघाला, पण पाणी कुठे गेलं

आमच्या घरात सगळ्यांच्या आधी बंब उठायचा. त्याला उठवायचे बाबा. पहाटे पाचला न्हाणीघरातून जाळी हलवल्याचा खडखडाट यायचा, मग बंबफोडीचे दोन तुकडे आत पडल्याचा आवाज, मग रॉकेलचा वास आणि त्यामागून धूर. धुराला खिडकीतून सरळ बाहेर जायची मोकळीक होती, पण तो आमच्यासारखाच घरकोंबडा. आधी सगळ्या खोल्यांतून फिरायचा, प्रत्येकाची विचारपूस करायचा आणि मग सावकाश बोरिवलीच्या हवेत मिसळायचा. आम्हाला त्याची इतकी सवय होती, की पाहुणा म्हणून कुठे राहिलो आणि सकाळी डोळे चुरचुरले नाहीत, तर मला उजाडल्यासारखंच वाटत नसे.

बाबांनी तीस वर्षं गिरणीत बॉयलर सांभाळला होता. संप झाला, गिरणीचं फाटक पुन्हा उघडलं नाही, आणि एवढा मोठा बॉयलर सांभाळणाऱ्या माणसाच्या हाती तीन बादल्यांचा तांब्याचा बंब उरला. पण इतमाम तोच. राख रोज काढायची, तोटी रोज तपासायची, बंबफोड सुकी आहे की ओली ते कानाशी वाजवून बघायचं. आई दर शनिवारी चिंच लावून बंब घासायची, तेव्हासुद्धा बाबा शेजारी उभे राहून तोटीला धक्का लागत नाही ना ते बघायचे.

मी अंधेरीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. म्हणजे दुसरे लोक जे बनवतात त्याची चित्रं काढायचो, आणि चित्र काढता येतं म्हणजे ती वस्तूही आपल्याला कळते, असा समज बाळगायचो. पुढे जे काही झालं ते या समजामुळे झालं, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. आमची मुलगी वाकोल्याला, बायकोच्या माहेरी जन्मली. एक महिना आधीच आली, आणि आली तीही मूठभर. तीन आठवडे ठीक गेले. मग तिच्या छातीत शीळ वाजायला लागली. श्वास घेतला की बारीक शिट्टी, सोडला की शिट्टी. माझ्या सासूबाई रीतीप्रमाणे रोज आंघोळीनंतर तिला धुरी द्यायच्या. निखाऱ्यावर ओवा, बाळंतशोपा, वेखंड, आणि त्यावर क्षणभर बाळ. डॉक्टरांनी ते ऐकलं आणि कपाळाला हात लावला. धुरी बंद, उदबत्ती बंद, घरात कसलाही धूर म्हणून नको, असं त्यांनी बजावलं. चार दिवसांत शीळ थांबली.

सासूबाईंनी सात पोरं धुरी देऊन वाढवली होती. त्यांच्या दृष्टीनं धुरी सोडणं म्हणजे अर्धा धर्म सोडणं. पण सोडली. आणि पुढच्या रविवारी मी मुलीला बघायला गेलो, तेव्हा चहाचा कप माझ्या हाती द्यायच्या आधीच त्यांनी हिशेब चुकता केला.

"जावईबापू, मी माझी धुरी सोडली. आता तुम्ही तुमचा बंब सोडा. तोवर पोरगी आणि नात इथेच."

मी बायकोकडे बघितलं. ती बाळाची टोपी बांधण्यात अतिशय गुंतलेली होती.

परतताना वाकोल्यापासून घरापर्यंत मी एकच वाक्य घोकत होतो: बाबा, बंब काढावा लागेल. हे वाक्य ऐकून ते काय म्हणतील याच्या बारा शक्यता मी मनात काढल्या, आणि प्रत्येकीला उत्तर तयार ठेवलं. घरी पोचलो, सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "धूर नको तर नको."

माझी बाराच्या बारा उत्तरं वाया गेली.

दुसऱ्या दिवशी बंब पेटला नाही. बाबा मात्र पाचला उठलेच. न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसून राहिले. सहाला उठले, सुकं फडकं घेऊन बंब पुसला आणि गॅलरीत नेऊन ठेवला. कुणाला हात लावू दिला नाही. आई स्टोव्हवर पातेली चढवायला लागली, आणि मी गिझर आणायच्या मागे लागलो.

आता गिझर आणणं म्हणजे दुकानात जाऊन गिझर आणणं, एवढंच मला वाटलं होतं. प्लंबर मिस्त्री आला, त्यानं न्हाणीघरातल्या पाइपवर पान्यानं दोन टोले मारले, आणि भिंतीवरून गंजाच्या पापुद्र्यांचा सडा पडला. गिझरचा भार हा पाइप घेणार नाही, म्हणाला. इमारतीच्या उभ्या पाइपपासून न्हाणीघरापर्यंत सगळी लाइन नवी घालावी लागेल. सकाळी पहिलं मिनिटभर आमच्या नळाला चहाच्या रंगाचं पाणी यायचं, त्याचं कारण आम्हाला त्या दिवशी कळलं. तोवर आम्ही तो नॅशनल पार्कच्या मातीचा गुण समजत होतो.

नवी लाइन म्हटल्यावर माझ्यातला ड्राफ्ट्समन जागा झाला. ऑफिसातून पोलादी टेप आणला. न्हाणीघर मिलिमीटरमध्ये मोजलं. तीन बाजूंनी दृश्यं काढली, प्रत्येक एल्बोला आणि प्रत्येक सॉकेटला नंबर दिले, आणि ऑफिसच्या मशीनवर निळी प्रत काढून आणली. अख्ख्या बोरिवलीत स्वतःच्या न्हाणीघराची ब्लू प्रिंट असलेला मी एकमेव माणूस असेन. मिस्त्रीनं ती जमिनीवर पसरली, उकिडवा बसून बराच वेळ बघितली, आणि विचारलं, "साहेब, दरवाजा बाहेर उघडतो का आत?"

"बाहेर," मी म्हणालो. कारण कागदावर तो बाहेर उघडत होता.

दोन दिवस आटे पाडणं, सुतळी गुंडाळणं, सफेदा लावणं चाललं. पाइप भिंतीवर उभा राहिला आणि दार उघडून बघितलं. दार आत उघडत होतं. सत्तावीस वर्षांचा होतो, त्यातली सहा वर्षं त्या घरात राहत होतो, रोज ते दार ढकलून आत जात होतो. पण कागदावर मात्र बाहेर. त्यामुळे दार निम्मं उघडायचं आणि नव्या पाइपला टेकून थांबायचं. माणसानं आत आडवं शिरायचं, आडवंच बाहेर यायचं. मिस्त्री म्हणाला, "कागदाप्रमाणे एकदम बरोबर आहे, साहेब." त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

एवढ्यावर शहाणा झालो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती.

गिझर बसवताना मिस्त्रीनं पिशवीतून पितळेचा एक जाडसर तुकडा काढला. त्याच्यावर बाण कोरलेला होता. गिझरच्या आत पाणी जातं त्या नळीवर हा टाकू या, म्हणाला, पाणी आत जाईल, पण उलटं येणार नाही. मी ब्लू प्रिंट बघितली. तो तुकडा त्यात नव्हता. जे ब्लू प्रिंटमध्ये नाही ते जगात कशाला हवं? शिवाय दाराच्या प्रकरणानंतर मिस्त्रीनं मला आणखी काही शिकवावं अशी माझी मनःस्थिती नव्हती.

बाबा उंबऱ्यावर बसले होते. दोन दिवस तिथेच बसून काम बघत होते, एक शब्द बोलले नव्हते. आता बोलले, घरच्या मालवणीत.

"पाणी परत जावचा नाय म्हणान काय केलंस?"

"पाणी परत कशाला जाईल, बाबा?" मी म्हणालो. "त्याला काय गणपतीला गावी जायचंय?"

मिस्त्री हसला. बाबा हसले नाहीत. उठले आणि गॅलरीत बंबाशेजारी जाऊन उभे राहिले.

तो तुकडा मिस्त्रीच्या पिशवीत परत गेला.

गुरुवारी सकाळी गिझर सुरू झाला. बटण दाबलं, तांबडा दिवा लागला, वीस मिनिटांत नळातून कढत पाणी. धूर नाही, राख नाही, डोळे कोरडे ठणठणीत. मी त्या दिवशी दोनदा आंघोळ केली. शुक्रवारीही तसंच. मग वाकोल्याला निरोप धाडला की धूर हद्दपार झालाय, रविवारी न्यायला येतो. निरोपाचं उत्तर आलं, की शनिवारी सासूबाई स्वतः बघायला येतायत, बघून ठरवतील.

आता पुढचं समजायला आमच्या इमारतीच्या पाण्याचं वेळापत्रक सांगायला हवं. गच्चीवर टाकी. टाकीतून एक उभा पाइप खाली, त्यातून प्रत्येक मजल्याला फांदी. पाणी सगळ्यांना पुरावं म्हणून वॉचमन सकाळी आठला गच्चीवरची चावी बंद करायचा, संध्याकाळी उघडायचा. आठनंतर वरच्या मजल्यांचे नळ कोरडे पडायचे, आणि उभ्या पाइपमध्ये जे काही शिल्लक असेल ते खालच्यांना मिळायचं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. आणि नळ कोरडा पडला की आम्ही काय करायचो, तर तो तसाच उघडा ठेवायचो, खाली बादली लावून. पाणी आलं की आवाजावरून कळतं. मुंबईत जन्मलेल्या कुठल्याही माणसाला ही खोड असते; तो बंद नळावर विश्वास ठेवत नाही.

शनिवारी सकाळी आठनंतर मी हात धुवायला गेलो. गरम नळ सोडला. दोन थेंब आले आणि थांबले. मी सवयीनं नळ उघडा ठेवला, खाली बादली लावली, आणि आडवा होऊन बाहेर आलो. नऊला सासूबाई यायच्या म्हणून गिझरचं बटण दाबून ठेवलं.

साडेनऊला त्या आल्या. चहा घेतला. छताकडे बघितलं, कोपऱ्यातल्या काजळीकडे बघितलं, गॅलरीतल्या बंबाकडे बघितलं आणि तो थंड आहे का ते हात लावून बघितलं. मग मी त्यांना न्हाणीघरापाशी नेलं. त्या आडव्या होऊन आत शिरल्या आणि दाराविषयी काही बोलल्या नाहीत, यासाठी मी आजही त्यांचा आभारी आहे. मी भाषण सुरू केलं. हे आधुनिक यंत्र आहे, यात आग नाही, ज्वाळा नाही, म्हणून धूर असण्याचा प्रश्नच येत नाही. एवढं म्हणेपर्यंत डोक्यावर काहीतरी करपल्याचा वास आला, गिझरच्या कडेनं निळसर धूर निघाला, ठप्प असा आवाज झाला आणि घरातला फ्यूज उडाला.

सासूबाईंनी पदर नाकाला लावला.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "आमच्या धुरीला निदान ओव्याचा तरी वास यायचा."

चप्पल घालताना आईला म्हणाल्या, की बाळ अजून महिनाभर वाकोल्यालाच बरं, पावसाळा संपला की बघू. आईनं मान डोलावली. ती माझ्याकडे बघतही नव्हती. मुलीला मी तेव्हा सगळं मिळून नऊ वेळा बघितलं होतं, आणि त्यातल्या पाच वेळा ती झोपलेली होती.

त्या गेल्या आणि दहा मिनिटांत दारावर टकटक. खालच्या मजल्यावरच्या गुजराती बेन. हातात ढोकळ्याची ताटली. सोसायटीनं गरम पाण्याची सोय केली ती फार झकास झाली, असं सांगायला आल्या होत्या. तीन दिवस सकाळी भांडी घासताना त्यांच्या नळाला असं सुरेख गरम पाणी येत होतं. सेक्रेटरीला विचारलं तर त्याला काही माहीत नाही. तुम्हाला येतं का?

मी काही बोलायच्या आत बाबांनी विचारलं, "किती वाजता येतं, बेन?"

"आठ पछी," बेन म्हणाल्या. "चावी बंद झाली की लगेच."

बेन गेल्या. बाबा न्हाणीघरात गेले. उघडा नळ बघितला, खालची कोरडी बादली बघितली, गिझरची नळी खालपासून वरपर्यंत बोटानं चाचपली. मग माझ्याकडे वळले.

"गेला मा पाणी गावाक?"

या वेळीही ते हसले नाहीत. मी खाली बसलो. त्यांनी मला सावकाश समजावून सांगितलं, जसं गिरणीत नव्या माणसाला सांगत असतील. गच्चीवरची चावी बंद झाली, खालचा नळ उघडला, की उभा पाइप आपल्याकडून पाणी ओढतो. आपला नळ उघडा, म्हणजे वरून हवा आत यायला वाट मोकळी. मग गिझर आल्या वाटेनंच रिकामा होतो. मी रिकाम्या भांड्याखाली आग लावली होती. गिरणीच्या बॉयलरला पाणी आत सोडणाऱ्या पाइपवर पहिली वस्तू कुठली बसवतात, तर हीच, मिस्त्रीच्या पिशवीतली, बाण कोरलेली. ती बिघडली म्हणून त्यांच्या उमेदवारीच्या काळात दुसऱ्या पाळीचा एक माणूस भाजला होता. त्याचं नाव त्यांनी घेतलं, त्याचं गाव सांगितलं.

"आधी पाणी बघूचा," म्हणाले, "मगे आग देवची."

मी विचारलं, तुम्ही तेव्हाच मला जोरात का नाही सांगितलंत? ते म्हणाले, सांगितलं होतं. आणि खरंच, सांगितलं होतं.

ज्या रविवारी मी मुलीला आणणार होतो, त्या दिवशी मी मिस्त्रीच्या दारात उभा होतो. तो आला. जळालेला एलिमेंट बदलला आणि पिशवीतून तोच पितळेचा तुकडा काढला. माझी खात्री आहे की तो त्यानं माझ्यासाठीच राखून ठेवला होता. या वेळी साहेब बाबा होते. बाणाचं टोक गिझरकडे आहे ना, हे त्यांनी तीनदा बोट लावून बघितलं. मग चाचणी. गच्चीवरची चावी बंद करायला ते स्वतः गेले. मला खाली पाठवलं. मी बेनच्या मोरीत, नळाखाली हात धरून वीस मिनिटं उभा, आणि बेन शेजारी चिंताक्रांत.

"गरम नथी?" दर दोन मिनिटांनी त्या विचारत.

"नाही, बेन."

"थोडं पण नथी?"

त्या घरातला एकमेव दुःखी चेहरा त्यांचा होता. वर आमचा गिझर काठोकाठ भरलेला.

पण बाबांना एका चाचणीनं समाधान नव्हतं. चार दिवस त्यांनी पाळी केली. पाचला उठायचे, गरम नळ सोडायचे, पाण्याची धार डोळ्यांनी बघायचे, नळ बंद करायचे, आणि मगच बटण. आमच्यापैकी कुणी बटणाकडे हात नेला की उंबऱ्यावरून खाकरायचे. गिझर तापताना आत जो बारीक सुरसुर आवाज होतो तो मान तिरकी करून ऐकायचे. मला कळायला वेळ लागला, की गेला आठवडाभर मी ज्या माणसाला सांभाळून बोलत होतो तो माणूस पुन्हा कामावर रुजू झाला होता.

पाचव्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला आणि मला म्हणाले, चल वाकोल्याला. बाबा विहिणीच्या घरी आमंत्रणाशिवाय कधी गेले नव्हते. बारशाला गेले तेही दारात पाहुण्यासारखे उभे राहून, जेवून परतले होते. सासूबाई त्यांना बघून गडबडल्या, पाणी घेऊन आल्या. बाबा खुर्चीच्या टोकावर बसले. परक्यांशी ते मालवणी बोलत नसत. सावकाश, शब्द निवडून बोलत.

"विहीणबाई, चूक पोराची होती. पण यंत्र माझ्या डोळ्यांदेखत बसलं आणि मी गप्प राहिलो, म्हणून माझीही होती. आता ते माझ्या ताब्यात आहे."

"आणि धूर?" सासूबाईंनी विचारलं.

"काडीसुद्धा पेटत नाही," बाबा म्हणाले. मग जरा थांबून, "मला वाईट वाटतं. पण पेटत नाही."

सासूबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मला वाटतं, धुरी सोडलेल्या बाईला बंब सोडलेला माणूस तिथल्या तिथे ओळखू आला. त्या उठल्या आणि बाळाची दुपटी दोरीवरून काढून घड्या घालायला लागल्या. बायको आतून दारात आली.

"अहो," ती मला हळूच म्हणाली, "तुम्ही काही बोलू नका हं आता."

मी बोललो नाही. टॅक्सी मिळेपर्यंत तोंड मिटून होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीची आमच्या घरातली पहिली आंघोळ. आई न्हाणीघरात पाटावर पाय लांब करून बसली, पायांवर बाळ. बाबा निम्म्या उघडलेल्या दारात उभे. धार बघितली, बटण झालं, दिवा विझला, मग स्वतः पाण्यात कोपर बुडवून हो म्हणाले, आणि मगच आईनं पहिला तांब्या ओतला. बाळ आधी दचकलं, मग रडलं, मग गरम पाणी पाठीवर आल्यावर त्याला पटलं. धुरी नाही. नुसतं मऊ जुनेर.

गुंडाळलेलं बाळ बाबांनी उचलून घेतलं आणि त्याच्या पाठीला कान लावला. मान तिरकी, डोळे मिटलेले, अगदी गिझरपाशी उभे राहायचे तसे. आई, बायको, मी, कुणी हललो नाही.

"शीळ?" बायकोनं विचारलं.

"नाय," बाबा म्हणाले. "बरा चलता."

आणि नातीला छातीशी धरून ते दारातून आडवे होऊन बाहेर आले. सरळ येता येत नव्हतं; तेवढी कामगिरी माझी होती.